एक ताट जास्तीचं

‘वार लावून जेवणं’ म्हणजे काय, हे आजच्या शाळकरी मुलांना समजावून सांगावं लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते कुणाला सांगावं लागत नसे. पुण्यासारख्या गावी शिकायला आलेल्या गरीब मुलाला शाळेत नाव घालण्याआधी सात घरं शोधावी लागत. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. सात वारांची सात घरं ठरली की आठवड्याच्या जेवणाची सोय झाली. ज्याला सात घरं मिळत नसत, तो उरलेल्या दिवशी झोळी घेऊन माधुकरी मागे किंवा उपाशी झोपे. त्या काळात शिकून मोठ्या झालेल्या अनेकांच्या आत्मचरित्रांत ही वारांची हकिकत येते. कुठे ती कृतज्ञतेनं येते, कुठे दुखऱ्या आठवणीसारखी.

परक्याच्या मुलाला शिक्षणासाठी आपल्या घरात घ्यायचं, ही गोष्ट आता आपल्याकडे नव्या नावानं आली आहे. पंधरा-सोळा वर्षांचा परदेशी मुलगा किंवा मुलगी वर्षभर एखाद्या भारतीय कुटुंबात राहते, इथल्या शाळेत जाते, इथलं जेवते आणि परत जाते. आपलीही मुलं तशीच तिकडे जातात. नागपुरात असं मूल घरी ठेवलेली कुटुंबं आहेत. आमच्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावाला मात्र हा प्रकार नवलाचा. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या मला त्यात नवलाइतकीच ओळखही दिसते. म्हणून या रीतीची मुळं आपल्याकडे आणि बाहेर कुठे कुठे सापडतात, ते आज सांगावंसं वाटतं.

आधी वारांकडेच परत जाऊ. ती व्यवस्था कुणी कायद्यानं केली नव्हती. तिला सरकारी अनुदान नव्हतं, कार्यालय नव्हतं. एका घरानं आठवड्यातून एक ताट जास्तीचं वाढायचं, एवढाच तिचा पसारा. एका ताटाचं ओझं कुणाला जड जात नाही आणि अशी सात घरं मिळून एका मुलाचं आयुष्य उभं राहतं, हे त्यातलं शहाणपण. मात्र त्या मुलाला सात घरांचे सात स्वभाव सांभाळावे लागत. कुणाकडे पाणी भरावं लागे, कुणाकडे पूजेची फुलं आणावी लागत. एखाद्या घरची बाई आईच्या मायेनं वाढी, तर एखाद्या घरी पंगत उठेपर्यंत त्याला ओसरीवर ताटकळत बसावं लागे. उपकाराची जाणीव पदोपदी करून दिली जाई. पोट भरत होतं, पण मान खाली घालून.

याहून मोठी उणीव वेगळीच होती. ही घरं बहुतांशी ब्राह्मणांची आणि वारावर जेवणारा मुलगाही ब्राह्मणाचाच. कुणब्याच्या, तेल्याच्या, महाराच्या मुलाला वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या उंबरठ्याच्या आत त्याचा पाय पडत नव्हता, तिथे त्याचं ताट कोण वाढणार? घराच्या दयेवर उभी असलेली व्यवस्था घराच्या मनाइतकीच मोठी असते. मन जिथे संपतं तिथे ती संपते.

हे ज्यांनी नेमकं ओळखलं त्यांत राजर्षी शाहू महाराजांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला साहाय्य केलं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याही पुढचं पाऊल टाकलं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसत. त्या मुलांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं लक्ष्मीबाई पाटलांनी पाहिलं. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपण त्याला वसतिगृह म्हणतो, पण माझ्या हिशेबी ते घरच होतं. फरक इतकाच की या घराच्या दारात कुणी आडनाव विचारत नव्हतं.

आता जरा मागे जाऊ आणि समुद्रापलीकडेही जाऊ. महाराष्ट्रातलं मूल परदेशी कुटुंबात राहून शिकलं, अशी आपल्याला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट १८८३ सालची आहे. ती आनंदीबाई जोशींची. आनंदीबाई पहिल्या महिला डॉक्टर म्हणून आपल्याला पाठ आहेत. पण त्या ज्या घराच्या आधारानं डॉक्टर झाल्या, त्या घराची आठवण आपण क्वचितच काढतो.

गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते. कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी काही मदत मिळेल का, अशी विचारणा त्यांनी मिशनऱ्यांकडे पत्रानं केली. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं आणि त्यासोबत संपादकाचं उत्तरही आलं. उत्तराचा आशय असा की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. म्हणजे दार होतं, पण आत येण्याआधी आपलं काहीतरी बाहेर काढून ठेवायचं होतं.

हा अंक १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. दाताच्या डॉक्टरकडे त्या आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा सहज चाळता चाळता त्यांनी तो वाचला. त्या कुणी संस्थाचालक नव्हत्या. चारचौघींसारख्या संसारी बाई. त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं आणि आपल्या घरी येऊन राहा म्हणून सांगितलं. धर्म बदलण्याची अट त्यात नव्हती. मग तीन वर्षं दोघींची पत्रं सुरू राहिली. घरातली माणसं, सण, खाणं, औषधं, बालविवाह, असे सगळे विषय त्या पत्रांत आले. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, पण आनंदीबाईंसाठी त्या ‘मावशी’ झाल्या होत्या.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसलेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्यांचं वय अठरा. बंदरावर त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या. आनंदीबाई त्यांच्याबरोबर रोझेलच्या घरी गेल्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंत तिथेच राहिल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितलं होतं. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं. दिलेला शब्द पाळणं जसं आनंदीबाईंच्या हाती होतं, तसं ते पाळू देणं त्या घराच्या हाती होतं. लुगडं, कुंकू आणि शाकाहार घेऊन एक मुलगी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन खेडेवजा गावात राहते, शेजारी टकमक बघतात, नातेवाईक नाना प्रश्न विचारतात, आणि घरची बाई तिच्या बाजूनं उभी राहते. यजमानपण म्हणजे काय, हे मला या एका घरावरून कळतं.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई शिकल्या. तिथली थंडी, मानवेल असं अन्न न मिळणं आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. त्याच वर्षाअखेर त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. पाहुणीला कुणी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जागा देत नाही, ती घरच्या लेकीलाच मिळते.

पण इतिहास एका गोष्टीवर थांबवला तर तो गोड होतो आणि अर्धा राहतो. दुसरी गोष्ट आनंदीबाईंनंतर तीस वर्षांनी सुरू होते. १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले. शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा त्यांची जात विचारत नव्हता. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्याला आले आणि स्टेशनावर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला, तो राहायचं कुठे हा. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणार नव्हती. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्या माणसाकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग हा उच्चविद्याविभूषित माणूस बागेत एका झाडाखाली बसून राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परत गेला.

अमेरिकेत एका मराठी मुलीला घर मिळालं. अमेरिकेतून शिकून आलेल्या मराठी मुलाला आपल्याच देशात घर मिळालं नाही. या दोन हकिकती मी वर्गात एकापाठोपाठ एक सांगत असे. त्यानंतर वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नसे.

आता आजच्या विद्यार्थी-अदलाबदलीकडे येऊ. तिचा उगम शाळेत झाला नाही, तो युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, काही अमेरिकन तरुण फ्रान्समध्ये स्वयंसेवक म्हणून रुग्णवाहिका चालवू लागले. त्यांच्या पथकाचं नाव ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’. दुसऱ्या महायुद्धातही या संघटनेचे चालक आघाडीवर होते, आपल्या पूर्व सीमेवरच्या ब्रह्मदेशाच्या लढाईतसुद्धा. जखमी माणसाला गाडीत घालताना त्याचं राष्ट्र विचारायचं नसतं, हे ते शिकले होते. युद्ध संपल्यावर त्यांच्यातल्या स्टीफन गलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की जखमा झाल्यावर धावून जाण्यापेक्षा आधीच काही करता आलं तर? वेगवेगळ्या देशांची पोरं एकमेकांच्या घरात वाढली, तर पुढे एकमेकांवर बंदूक रोखताना त्यांचा हात थोडा तरी अडखळेल. १९४७ मध्ये दहा देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकन कुटुंबांत राहायला आले आणि ही योजना सुरू झाली. आज तीच संघटना ‘एएफएस’ या नावानं ओळखली जाते.

अशा आणखीही वाटा होत्या. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट यांनी अमेरिकन तरुणांना युरोपात नेऊन कुटुंबांत राहण्याचा प्रयोग सुरू केला आणि त्याचं नावही ‘एक्स्परिमेंट’ असंच ठेवलं. फ्रान्समधल्या नीस शहरच्या रोटरी क्लबनं १९२७ पासूनच अशी अदलाबदल चालवली होती. १९५१ मध्ये ७५ जर्मन मुलं-मुली मिशिगन राज्यातल्या घरांत वर्षभरासाठी आली. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती. ज्यांची मुलं जर्मनांशी लढताना मेली होती अशीही माणसं त्या समाजात होती, आणि त्याच समाजानं जर्मन मुलांना आपल्या घरात झोपायला खोल्या दिल्या. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरही असंच झालं. दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, सिनेटर केनेडी आणि सिनेटर लुगार यांच्या पुढाकारानं अमेरिकेनं ‘येस’ नावाची योजना काढली. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना तिनं अमेरिकन घरांत आणलं. भारतातली मुलंही त्यातून गेली आणि पुढे त्याच योजनेतून अमेरिकन मुलं भारतीय कुटुंबांत राहून गेली. वैर जितकं ताजं, तितकी घरं उघडण्याची निकड मोठी, असं हा इतिहास सांगतो.

या योजनांचे नियम वाचताना मला आमचे जुने वार आठवतात. रोटरीच्या वर्षभराच्या अदलाबदलीत मुलाला साधारणपणे एकाहून अधिक कुटुंबांत राहावं लागतं. म्हणजे आठवड्याच्या सात घरांऐवजी वर्षाची दोन-तीन घरं, एवढाच फरक. अमेरिकेतल्या सरकारी अदलाबदल योजनेत यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. करात थोडीशी सवलत, तीही महिन्याला ५० डॉलरच्या हिशेबानं. ताट वाढायचं ते मनापासून, हे तत्त्व तेच. पण जुन्या वारांत नव्हती अशी एक गोष्ट इथे आहे. मुलाला घरात पाठवण्याआधी कुणीतरी ते घर बघून येतं, घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी होते, आणि दर महिन्याला त्या मुलाशी बाहेरचा माणूस बोलतो. ही काळजी उगीच आलेली नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन भागात काही परदेशी मुलांची यजमान घरांत फार आबाळ झाल्याचं उघड झालं. मुलांना पोटभर खायलाही मिळत नव्हतं. त्यानंतर नियम अधिक कडक करण्यात आले. घर म्हटलं की ते मायेचंच असेल, हे गृहीत धरता येत नाही. ओसरीवर ताटकळणाऱ्या आमच्या वाराच्या मुलाकडे महिन्यातून एकदा कुणी चौकशी केली असती, तर त्यालाही बरंच काही सांगता आलं असतं.

इतकं वाचून आणि शिकवून झालं होतं, पण प्रत्यक्ष अनुभव नव्हता. तो थोडासा मिळाला २०२३ च्या डिसेंबरात. नागपूरच्या माझ्या एका स्नेह्यांकडे इटलीची सोळा वर्षांची मुलगी वर्षभरासाठी राहायला आली होती. तिला खेडं पाहायचं होतं, म्हणून आठ दिवस ती आमच्याकडे कुहीला राहिली. नागपूरहून पन्नास किलोमीटरच्या आतलं आमचं गाव, पण तिथे परदेशी पोरगी एसटीतून उतरते ही बातमी घरी पोचायला आम्हाला लागले त्याहून कमी वेळ लागला. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार बाया अंगणात. “काय खाते जी थे पोरगी?” हा पहिला प्रश्न. वरण, भात, पोळी आणि वांग्याची भाजी खाते, हे कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. मिरचीच्या या मुलखात तिखट कमी करण्याचा हुकूम मात्र माझ्या बायकोनं स्वतःच्या स्वयंपाकघराला पहिल्यांदाच दिला.

पहिले दोन दिवस आम्ही तिला जागचं हलू दिलं नाही. ताट उचलू दिलं नाही, पाण्याचा पेला हातात दिला, बसायला घरातली एकुलती एक चांगली खुर्ची. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या स्नेह्यांचा फोन आला. ते म्हणाले, “अहो, तिला कामं सांगा. ती पाहुणी नाही. आमच्याकडे ती रोज स्वतःचं ताट घासते आणि रविवारी घर झाडते.” बायकोला ते पटायला वेळ लागला. ‘अतिथी देवो भव’ आपल्या अंगात मुरलेलं. पण देवाला कुणी ताट घासायला लावत नाही, आणि म्हणूनच देव कधी घरचा होत नाही. अतिथी या शब्दाचा परंपरेनं सांगितला जाणारा अर्थ, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. तो येतो, मान घेतो आणि जातो. शिकायला आलेल्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या येण्याची तिथी ठरलेली असते आणि मधला काळ त्याला घरातलंच एक होऊन काढायचा असतो. जुन्या काळी वाराच्या मुलाला आपण नोकरासारखं वागवलं आणि परदेशी पाहुणीला देवासारखं वागवू पाहतो. या दोन्हींत ते मूल घरचं होत नाही. घरच्या मुलाला काम सांगता येतं, रागावता येतं, आणि त्याची बाजू घेऊन भांडताही येतं.

चौथ्या दिवसापासून ती मेथी निवडायला बसू लागली. बायकोला ‘काकू’ आणि मला ‘काकाजी’ म्हणू लागली. तिला आम्ही आंभोऱ्याला नेलं. तिथे वैनगंगेला कन्हान, आंब अशा नद्या येऊन मिळतात आणि टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला गेला, असं मानणारी एक परंपरा आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी पार तिथपर्यंत पसरलं आहे. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं त्या पाण्यासाठी उठली. घरं गेलेली माणसं नव्या वसाहतींत गेली आणि त्यांची मुलं शिकायला कुहीत, उमरेडला, नागपूरला जाऊ लागली.

त्या आठ दिवसांत त्या मुलीला अकरा घरांनी जेवायला बोलावलं. कुणी तिची जात विचारली नाही. तिचा धर्म वेगळा, घरी ती काय खाते हे सगळ्यांना ठाऊक, तरी एकाही घरानं तिची पंगत वेगळी बसवली नाही. मला माझ्या गावाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी एक जुना हिशेब मनात उभा राहिला.

मी नोकरीत होतो त्या सगळ्या वर्षांत, दहावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतले पालक माझ्याकडे येत. “गुरुजी, नागपुरात पोरासाठी एखादी खोली बघून द्या.” मी ओळखीच्या घरमालकांना फोन करी. पहिला प्रश्न भाड्याचा नसे. मुलगा कसा आहे, गुण किती पडले, हाही नसे. पहिला प्रश्न असे, “आडनाव काय?” आडनाव सांगितल्यावर काही ठिकाणी खोली लगेच मिळे. काही ठिकाणी ती कालच दिलेली असे. काही ठिकाणी मालकाचा भाचा अचानक शिकायला येणार असे. ज्या शहरात १९५६ मध्ये लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, त्याच शहरात बडोद्याच्या त्या सबबी मी फोनवर ऐकल्या आहेत. त्या सांगणारी माणसं दुष्ट नव्हती. घरी इटलीची मुलगी आली असती, तर त्यांनीही पुरणपोळी केली असती.

लांबून आलेल्या परक्याचं कौतुक करणं सोपं असतं. त्याच्याबद्दल आपल्या मनात काही ठरलेलं नसतं आणि वर्षभरानं तो जाणार असतो. जवळच्या परक्याला घरात घेणं अवघड, कारण त्याच्याबद्दल आपल्या पिढ्यांनी आधीच सगळं ठरवून ठेवलेलं असतं. पण १९५१ साली मिशिगनच्या घरांनी जर्मन मुलांना आत घेतलं तेव्हा तीही जवळच्याच वैराची गोष्ट होती. दुसऱ्या टोकाचं, ज्याच्याशी आपलं काहीच देणंघेणं नाही असं मूल त्यांनी निवडलं नाही. ज्याचं नाव घेताच घरात कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येत होतं, ते त्यांनी निवडलं. अदलाबदलीच्या या साऱ्या खटाटोपाला अर्थ येतो तो तिथे.

म्हणून परदेशी विद्यार्थ्याला घरी ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबांना मी जरूर ठेवा असंच सांगेन. तुमच्या मुलांना जगाचा नकाशा माणसांच्या चेहऱ्यांनी कळेल. त्या मुलाला वेगळी खोली नसली तरी चालेल, पण अभ्यासाला जागा आणि दाराला कडी असू द्या. त्याच्या श्रद्धेला हात लावू नका, त्याला कामं सांगा, आजारी पडलं तर त्याच्या आईला लगेच फोन करा. रोझेलच्या त्या बाईंनी सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी यातलं बरंच काही कुणी न शिकवता केलं होतं.

आणि ज्या घराला हे साधलं, त्यानं पुढच्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट करून बघावी. आंभोऱ्याच्या बाजूच्या एखाद्या उठलेल्या गावचा मुलगा अकरावीसाठी खोली शोधत दारात येईल. त्याला आधी मार्क विचारावेत, मग कोणता विषय आवडतो ते विचारावं, आणि जेवणाची वेळ झाली असेल तर एक ताट जास्तीचं वाढावं. आडनाव पुढे कधीतरी, पत्र आलं की पाकिटावर वाचायला मिळेलच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)